‘गोड बातमी कधी?’ या प्रश्नाचं उत्तर कोणी द्यायचं: एका शिक्षिकेचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला त्या शिक्षिकेची आणि तिच्या नवऱ्याची परवानगी आहे. छापण्याआधी त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या सांगण्यावरून काही वाक्यं मी काढून टाकली. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. तिला इथे वसुधा म्हणू. मी समुपदेशक म्हणून त्यांच्याबरोबर काम केलं.

पार्श्वभूमी

वसुधा ३४ वर्षांची, सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला नऊ वर्षं झालेली. नवरा पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. घरात सासूबाई. धाकटा दीर आणि जाऊ पुण्याला. गोतावळा मोठा, माणसं बोलकी, सणावाराला पन्नास पानं उठणारं घर. या घरात आपल्याला कुणी वाईट वागवलेलं नाही, हे वसुधा पहिल्या भेटीपासून पुन्हा पुन्हा सांगत होती. तक्रार करायचा आपल्याला हक्कच नाही, असं तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

लग्नाच्या चौथ्या वर्षापासून उपचार चालू होते. तीन वेळा आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), दोन वेळा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार). ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांना ट्रान्सफरनंतरचे, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतरचे, ते दहा-चौदा दिवस सांगावे लागत नाहीत. गर्भ राहिला का हे सांगणारी बीटाची रक्ततपासणी होईपर्यंत रोज प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकायला मदत करणारं संप्रेरक घ्यायचं, पोटात जरा दुखलं तरी त्याचा अर्थ लावायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दुसऱ्या खेपेचा बीटा निगेटिव्ह आला तेव्हा शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीची तयारी चालू होती. रिपोर्ट फोनवर बघून तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि मुलांच्या रांगा सरळ केल्या. घरी नवऱ्याशिवाय कुणालाच काही माहीत नव्हतं. मिरजेच्या दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या ‘प्रशिक्षण’, ‘बँकेचं काम’, ‘मैत्रिणीकडे’ अशा नावांखाली झाल्या होत्या.

आता फोनकडे येऊ. सासरचा एक मोठा ग्रुप, चुलत-मावस धरून साठेक माणसांचा. माहेरचा एक. डीएडच्या मैत्रिणींचा एक, ज्यात आता बहुतेक फोटो मुलांच्या वाढदिवसांचे. शिवाय केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांचा, ग्रुप, शाळेचा ग्रुप, पालकांचा ग्रुप. इन्स्टाग्राम तिने पाठांतराच्या कवितांचे व्हिडिओ बघायला सुरू केलं होतं. उपचारांबद्दल शोधायला लागल्यावर तिथे बाळांची रील्स यायला लागली. पहिल्या चाहुलीच्या घोषणा, गरोदरपणाची फोटोशूट्स, ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या पट्ट्यांवर रडणाऱ्या बायका. ती थांबून बघायची. जितकं थांबेल तितकं तेच पुढे यायचं. रात्री नवरा झोपला की एक-दीड वाजेपर्यंत हे चालायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी धाकट्या जावेचं दोहाळजेवण गावी झालं. फुलांची वाडी, धनुष्यबाण, पाच प्रकारच्या खिचड्या, सगळं रीतीने. ओटी भरायला बायका उठल्या तेव्हा एक चुलत सासूबाई म्हणाल्या, “वसुधा, तू व्हिडिओ काढ बाई, तुझा फोन चांगला हाय.” तिला ओटीपासून बाजूला ठेवण्याची ती मऊ पद्धत होती. तिथे बसलेल्या प्रत्येकीला ते कळलं आणि कुणीच काही बोललं नाही. वसुधाने सगळा व्हिडिओ काढला. रात्री तो ग्रुपवर टाकलाही, कारण चार जणींनी मागितला होता. खाली अभिनंदनाच्या फुलांमध्ये एकाने लिहिलं, “आता मोठ्या सूनबाईंचा नंबर.” मग हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात तिच्या नवऱ्याचाही एक चेहरा होता.

दहा दिवसांनी ती माझ्याकडे आली.

प्रश्न नेमका कुठे होता

ती आली तेव्हा तिची मागणी सरळ होती: “मला फोनचं व्यसन लागलंय, ते सोडवा.” असं ऐकलं की कामाला लागायचा मोह होतो, कारण त्यावर उपाय सोपे असतात. वेळेची मर्यादा लावा, अॅप काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आधी मी झोप, भूक आणि मरणाचे विचार यांबद्दल विचारलं. हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, या मताची मी आहे. ती म्हणाली, “मरावंसं नाही वाटत. कुणाला दिसू नये असं वाटतं.” नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत तिचा गुणांक मध्यम नैराश्याच्या पट्ट्यात आला. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घेतलं. त्यांनी औषध लगेच सुरू केलं नाही, महिन्याने पुन्हा बघू म्हणाले. रात्री-अपरात्री फार जड वाटलं तर फोन करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्याकडून लिहून घेतला.

मग आम्ही एक आठवडा नोंद ठेवली. फोनवर किती वेळ गेला याची नोंद फोन आपोआप ठेवतोच. तिने मात्र दुसरं लिहायचं होतं: मनात कळ कधी उठली आणि त्याच्या आधी काय झालं होतं. वही उघडल्यावर चित्र बदललं. रील्समुळे उठलेल्या कळा होत्याच. पण बऱ्याचशा नोंदी माणसांच्या होत्या. पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजताना मदतनीस बाईंनी विचारलेलं, “बाई, अजून काही नाही का?” एसटी स्टँडवर भेटलेल्या वर्गमैत्रिणीने सुचवलेला बाबा. सासूबाईंनी गुरुवारच्या उपवासाला जोडलेला आणखी एक उपवास.

लिओन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं की आपण कुठे आहोत हे मोजायला ठोस माप नसलं की माणूस आपल्यासारख्या इतरांशी स्वतःची तुलना करतो. तेव्हा तुलनेला गल्ली होती, आता साठ माणसांचा ग्रुप आहे. वसुधाच्या बाबतीत मात्र तुलनेपेक्षा जाचक होतं ते उत्तर देणं. प्रत्येक प्रश्न तिलाच विचारला जात होता. नऊ वर्षांत नवऱ्याला तो किती जणांनी विचारला, असं मी विचारल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “त्यांना कोण विचारणार?”

दुसऱ्या भेटीत तिने ते सांगितलं जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. अडचण नवऱ्याच्या बाजूला होती. शुक्राणूंची संख्या खूपच कमी. पाच वर्षांपूर्वीच रिपोर्ट आला होता. तो रिपोर्ट हातात असताना तिने सासूबाईंनी सांगितलेले उपवास केले, गंडे बांधून घेतले, नवस बोलली. “त्यांना कमीपणा येऊ नये म्हणून.”

हे फक्त तिच्या घरातलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातल्या प्रौढांपैकी साधारण १७.५ टक्के, म्हणजे दर सहा जणांमागे एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. कारण पुरुषात असू शकतं, बाईत असू शकतं, दोघांत असू शकतं, आणि कधीकधी सापडतच नाही. आपल्याकडे ओटीतून मात्र बाईच वगळली जाते. मला याचा राग येतो, आणि एवढी वर्षं हे काम केल्यावरही तो कमी झालेला नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय तिने स्वतःच आणला होता: सगळं काढून टाकायचं. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, सगळं. इथे तिची नोकरी आडवी आली. केंद्रप्रमुखांचे आदेश, माहिती भरून पाठवायचे तक्ते, शिक्षण परिषदेची तारीख, सगळं व्हॉट्सअॅपवर येतं. संध्याकाळी सात वाजता ‘उद्या सकाळी अकरापर्यंत’ अशी माहिती मागितली जाते. व्हॉट्सअॅप नसलेली शिक्षिका आज नोकरी करू शकत नाही. शहरातली माणसं ‘सरळ डिलीट करा’ म्हणतात तेव्हा त्यांना हे दिसत नाही.

दुसरा पर्याय, ग्रुप म्यूट करून गप्प राहायचं. हा ती दोन वर्षं करतच होती. म्यूट केलेला ग्रुप ती दिवसातून वीसदा उघडून बघायची, कारण आपल्याबद्दल काही लिहिलं तर नाही ना, ही धाकधूक म्यूट होत नव्हती.

तिसरा, सगळ्यांना सगळं सांगून टाकायचं. हा माझ्याही मनात येऊन गेला. पण वैद्यकीय गुपित दोघांचं होतं आणि त्यातला एकजण अजून माझ्यासमोर आलाच नव्हता. शिवाय सांगितल्याने प्रश्न थांबतात असं नाही. कधीकधी प्रश्नांच्या जागी सल्ले येतात आणि ते जास्त लांबतात.

चौथा, बदली. जिल्ह्यातच दुसऱ्या टोकाला, लांबच्या तालुक्यात अर्ज टाकायचा आणि वेगळं राहायचं. नवऱ्याला हा पसंत होता. वसुधाला नव्हता. तिची शाळा तिला प्रिय होती, पहिलीच्या वर्गात तिचा दिवस चांगला जायचा. जी जागा बरी आहे तीच सोडायची, हे तिला पटलं नाही आणि तिचं बरोबर होतं.

फोनपासून लांब गेल्याने किती फरक पडतो याबद्दल मी तिला जास्त आशा दाखवली नाही. अमेरिकेत २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीआधी अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला पैसे दिले होते. त्या लोकांना रोज सरासरी तासभर मोकळा मिळाला, त्यांचं समाधान वाढलं, पण थोडंच. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. प्रयोग संपल्यावरही बऱ्याच जणांनी फेसबुक पूर्वीपेक्षा कमी वापरलं. म्हणजे फायदा खरा आहे, आकाराने लहान आहे, आणि त्याची किंमतही आहे. ही किंमत पुढे या घरानेही मोजली.

काय केलं

सुरुवात तिने ठरल्याच्या आधीच केली. डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री ती सासरच्या ग्रुपमधून बाहेर पडली. व्हॉट्सअॅपवर २०२२ पासून ग्रुप सोडला तर फक्त अॅडमिनला कळतं, बाकीच्यांना सूचना जात नाही. कुणाला कळणार नाही, असा तिचा समज होता. पण ग्रुपच्या माहितीत गेल्या साठ दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी दिसते, आणि साठ माणसांत ती यादी बघणारं कुणीतरी असतंच. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना फोन सुरू झाले. घरात भांडण झालं का? सून माहेरी गेली का? एकीने तर दिराला पुण्याला फोन करून विचारलं, “दुसरं लग्न करणार हाय का त्यो?”

आता नवऱ्याला यावंच लागलं. बोलावलं तेव्हा तो आला, दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि पहिली पंधरा मिनिटं वसुलीच्या कामाचा ताण सांगत राहिला. मला तो वाईट माणूस वाटला नाही. त्याला लाज वाटत होती, आणि बायकोच्या गप्प राहण्याने ती लाज पाच वर्षं झाकली गेली होती.

ग्रुपवर काय लिहायचं, यावर एक पूर्ण बैठक गेली. पहिला मसुदा वसुधाने केला होता. त्यात ‘तब्येतीच्या कारणाने’ असं होतं आणि दोनदा ‘क्षमस्व’. तो वाचून मी एवढंच विचारलं की हे तुम्ही का लिहिताय. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नवऱ्याने तिच्या हातातून कागद घेतला. शेवटी त्याने स्वतःच्या नावाने जे पाठवलं ते असं होतं:

“वसुधा काही महिने ग्रुपवर नसेल. घरात सगळं ठीक आहे. मुलाबाळाबद्दल आम्हाला कुणी विचारू नये, तिला नाही आणि मलाही नाही. सांगण्यासारखं असेल तेव्हा मी स्वतः सांगेन. काही काम असेल तर मला फोन करा.”

एका चुलत सासऱ्यांचा फोन आला, “असं चारचौघांत लिहायचं असतं का रे?” पाच-सहा जणांनी अंगठा दाखवला. आणि एका मावस नणंदेने वसुधाला वेगळा फोन केला. तीही सहा वर्षं त्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढली होती. एकाच ग्रुपमध्ये राहून दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं.

त्यानंतरची व्यवस्था साधी होती. शाळेचे ग्रुप घरातल्या जुन्या हँडसेटवर, नव्या सिमवर नेले. तो फोन टीव्हीशेजारी राहायचा, झोपायच्या खोलीत यायचा नाही. इन्स्टाग्राम काढलं. फेसबुक खातं ठेवलं, कारण निवृत्त मुख्याध्यापिकांशी तिचा तेवढाच संपर्क होता. पण जाहिरातींच्या पसंतीत जाऊन ‘पालकत्व’ हा विषय कमी दाखवावा असं निवडलं. ही सोय आहे, हे अनेकांना माहीत नसतं. चार माणसं ठरली ज्यांना उपचारांचं खरं माहीत असेल: तिची बहीण, ती मावस नणंद, मुख्याध्यापक बाई आणि धाकटी जाऊ.

जावेला सांगायचं की नाही, यावर दोघांचं एकमत नव्हतं. तिच्या आनंदाच्या दिवसांत तिला ओझं कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. वसुधाने सांगितलं. फोनवर जाऊ रडली. ओटीच्या वेळी काय झालं हे तिला त्या गडबडीत कळलंच नव्हतं, आणि व्हिडिओ बघताना वहिनी त्यात कुठेच कशा नाहीत, असं तिला वाटून गेलं होतं.

घरात आणखी एक प्रयोग झाला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. नवरा म्हणाला, आपणही सात ते साडेआठ बंद ठेवू. ठेवलं. वसुधाला तो वेळ आवडायला लागला, स्वयंपाकघरात तिघं एकत्र बसायला लागली. पण वडगावात हे चालतं कारण अख्खं गाव एकाच वेळी थांबतं, कुणाचं काही चुकत नाही. एका घराने फोन बंद केला की बाहेरचं जग चालूच राहतं आणि साडेआठला नवऱ्याच्या फोनवर पाच हुकलेले कॉल असतात. हा फरक त्यांना दोन आठवड्यांत जाणवला. मग सातनंतर गरज असली तर शेजारच्या काकूंच्या नंबरवर फोन करा, असं चार माणसांना सांगून ठेवलं.

सगळ्यात कठीण निर्णय

सासूबाईंना खरं सांगायचं का, हा निर्णय नवऱ्याचाच होता आणि मी तो ढकलला नाही. वसुधाला एवढंच विचारलं की त्याने सांगितलं नाही तर पुढचा उपवास तू करणार का. ती ‘नाही’ म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदा. हे त्याच्यासमोर झालं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्याने आईला सांगितलं. कसं सांगितलं ते त्याने मला दोन वाक्यांत सांगितलं: मळ्यात गेलो, हरभऱ्याच्या बांधावर बसलो, रिपोर्ट दाखवला. आईला वाचता येत नव्हतं म्हणून त्यानेच वाचून दाखवला. सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणाल्या, “मग माझ्याकडनं तिला एवढं उपास का करवलंस?” वसुधाची माफी त्यांनी मागितली नाही. त्या आठवड्यात गुरुवारी मात्र सकाळी तिच्यापुढे पोह्याची बशी ठेवली.

हे इथेच गोड झालं असं कुणी समजू नये. पुढच्या महिन्यात त्या मुलाला एका वैदूकडे घेऊन गेल्या आणि त्याने महिनाभर कसलंतरी चूर्ण खाल्लं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे सांगावं, म्हणून मला त्याच्या मागे लागावं लागलं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. गावात तीसेक घरची बोलावणी. वसुधाने तीन घरं निवडली, जिथे तिला खरंच जावंसं वाटत होतं. बाकीच्या घरी सासूबाई एकट्या गेल्या. ‘सून का नाही आली?’ असं विचारल्यावर त्यांनी काय सांगितलं हे आम्हाला माहीत नाही. वसुधानेही विचारलं नाही.

काय झालं

झोप आधी सुधारली. महिनाभरात ती अकरा-साडेअकराला झोपायला लागली. पहिले दहा दिवस मात्र वाईट गेले. हात रिकामा वाटायचा, कपाट उगाच उघडलं जायचं. फेब्रुवारीत जावेला मुलगी झाली त्या रात्री तिने नवऱ्याचा फोन घेऊन ग्रुपवरचे सगळे फोटो आणि त्याखालची प्रत्येक ओळ वाचली. पहाटे तीनपर्यंत. सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने फोनचा पासवर्ड बदलावा का, असं विचारलं. तिने नको म्हटलं. मला तिचं उत्तर आवडलं. तिला लपवाछपवी पुन्हा घरात आणायची नव्हती, मग ती कुलपाच्या रूपात का असेना.

बारसं जावेच्या माहेरी, सातारा जिल्ह्यात. जायचं की नाही हे आदल्या दिवसापर्यंत ठरलं नव्हतं. कंटाळा आला तर लगेच निघायचं, नवऱ्याने गाडी बाहेरच्या बाजूला लावायची आणि फोटो काढायचं काम कुणी दिलं तर ‘नाही’ म्हणायचं, एवढं ठरवून ती गेली. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ सुरू झालं तेव्हा जावेने हाक मारून तिला पाळण्यापलीकडे उभं केलं आणि बाळ तिच्या हातात दिलं. मागून कुणीतरी नेहमीचं वाक्य बोललंच. सासूबाई वळून म्हणाल्या, “ते माझ्या पोराला विचारा.” वसुधाने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, आणि तिला असं हसताना मी प्रथमच बघत होते.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस पीएचक्यू-९ चा गुणांक सौम्य पट्ट्यात आला होता. औषधाची गरज लागली नाही. प्रश्न पूर्ण थांबले नाहीत. ग्रुपवर थांबले, घरात थांबले, एसटी स्टँडवर चालू आहेत. पण आता तिच्याकडे ठरलेलं उत्तर आहे, “ते आमचं आम्ही बघतोय,” आणि ते म्हटल्यावर ती पुढचं वाक्य जोडत नाही. पूर्वी ती जोडायची आणि त्या पुढच्या वाक्यातच अडकायची.

किंमत मार्चमध्ये मोजावी लागली. नवऱ्याचे मामा पहाटे वारले. निरोप ग्रुपवर पडला. त्या दिवशी नवरा वसुलीसाठी डोंगराकडच्या वाड्यांवर होता, तिथे रेंज नव्हती. सासूबाईंकडे साधा फोन. घरी कळलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि माती होऊन गेली होती. सासूबाईंचा सख्खा भाऊ. त्यांना अखेरचं तोंड बघायला मिळालं नाही. आता गावात मौतीचे निरोपही ग्रुपवरच टाकले जातात आणि सगळ्यांनी बघितलं असं धरलं जातं. याचं दुःख वसुधाला आजही आहे. ‘तुझ्यामुळे’ असं सासूबाई म्हणाल्या नाहीत, पण ती स्वतःला ते म्हणते.

वेगळं काय करता आलं असतं

मामांची गोष्ट टाळता आली असती, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ग्रुप सोडायच्या आधी एक माणूस ठरवून ठेवायला हवा होता, जो दुःखाची आणि तातडीची बातमी घरच्या फोनवर, आवाजात कळवेल. चार विश्वासू माणसं आम्ही निवडली ती गुपितासाठी. बातमीसाठी कुणी निवडलंच नाही. नंतर मावस नणंदेच्या नवऱ्याने हे काम घेतलं. आज कुणी ग्रुपपासून लांब जायचं म्हणालं की मी हे पहिल्यांदा विचारते.

दुसरं, क्रम. आधी निरोप आणि मग बाहेर पडणं, असं झालं असतं तर ते तीन दिवस आणि ‘दुसरं लग्न’ ही अफवा टळली असती. मात्र वसुधाचं मत वेगळं आहे. ती म्हणते, मी आधी बाहेर पडले नसते तर ते तुमच्याकडे आलेच नसते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण अफवेचा मार सासूबाईंनी खाल्ला, हेही तितकंच खरं आहे.

तिसरं, नवऱ्याला किती लवकर बोलवायचं. मूल न होण्याच्या प्रकरणात बाई एकटी येते, कारण ताण तिच्यावर असतो. ती एकटी येत राहिली की उपायही तिच्यावरच पडतात. तिने अॅप काढायचं, तिने मन घट्ट करायचं, तिने समजून घ्यायचं. पहिल्याच भेटीनंतर दोघांना एकत्र बोलवावं, असं माझं आता ठाम मत आहे. तो नाही आला तर तेही नोंदवून पुढे जावं.

चौथं, शाळा. मुख्याध्यापक बाईंना सांगितल्यावर त्यांनी दवाखान्याच्या दिवशी तिला तासांची अदलाबदल करून दिली आणि ‘प्रशिक्षणा’चं खोटं थांबलं. हे उपचारांच्या पहिल्या वर्षीच झालं असतं तर पाच वर्षांचा बराच शीण वाचला असता. पण प्रत्येक शाळेत अशा मुख्याध्यापक बाई नसतात. माहिती चुकीच्या माणसाकडे गेली तर ती केंद्राच्या चहापानापर्यंत पोचते. त्यामुळे हा सल्ला सरसकट देता येणार नाही.

आज उपचार थांबलेले आहेत. काही भ्रूण गोठवून ठेवलेले आहेत. पुढची ट्रान्सफर करायची की नाही, केली तर कधी, यावर दोघं बोलत असतात आणि अजून ठरलेलं नाही. ठरलं तरी तारीख चार माणसांनाच कळेल. सासरच्या ग्रुपवर वसुधा परत गेलेली नाही. मार्चनंतर सासूबाईंनी स्वतःच स्मार्टफोन मागून घेतला. वाचता येत नाही म्हणून त्या आवाजी निरोप ऐकतात, आणि जेवायला बसल्यावर कुणाचं काय झालं ते सुनेला सांगतात.